वेगळं मत्स्य न्यायालय आलं, तर एलईडीवाल्यांना वचक बसेल का?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या डोळ्यांसमोर पर्ससीनवाले एलईडी लावून मासळी ओढून नेतात. कधीतरी एखादी नौका पकडली जाते, दंड होतो आणि पंधरवड्यात तीच नौका पुन्हा समुद्रात. इंडोनेशियात म्हणे माशांच्या गुन्ह्यांसाठी वेगळी कोर्टं आहेत आणि ते सरळ बोटी बुडवतात. आपल्याकडे असं कोर्ट का नाही? आलं तर फरक पडेल का?"

नवख्यांसाठी आधी दोन शब्द: पर्ससीन म्हणजे मासळीच्या थव्याला गोल वेढून खालून आवळायचं मोठं जाळं, आणि एलईडी म्हणजे मासळी खेचायला रात्री नौकेवरून लावलेले प्रखर दिवे; असे दिवे लावून मासेमारी करायला बंदी आहे. आता माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं कुठल्या चष्म्यातून लिहिलंय ते कळेल. कोकणपट्टीत वीस वर्षांहून जास्त वकिली करते आहे. रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या, संस्थेसाठी उभी राहिले आहे आणि पर्ससीन मालकांचं वकीलपत्रही घेतलं आहे. नौका सोडवून आणल्या आहेत, तशाच अडकवूनही ठेवल्या आहेत. त्यामुळे अशा केस कुठे फुटतात हे मला दोन्ही अंगांनी ठाऊक आहे. थोडक्यात उत्तर: कोर्टाने फरक पडतो, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही.

इंडोनेशियाची गोष्ट खरी आहे. त्यांनी २००४ च्या मत्स्य कायद्यातच मत्स्य न्यायालयांची तरतूद केली. सुरुवातीला पाच ठिकाणं ठरली: उत्तर जकार्ता, मेदान, पोंतियानाक, बितुंग आणि तुआल. पुढे तांजुंग पिनांग, रानाई, अंबोन, सोरोंग, मेरौके धरून दहा झाली. ही कोर्टं वेगळ्या इमारतीत नाहीत, जिल्हा न्यायालयाच्याच पोटात बसतात. वेगळेपण आहे ते खंडपीठात. तीन न्यायाधीशांपैकी एक नेहमीचा आणि दोन तदर्थ, म्हणजे खास या कामासाठी नेमलेले. सरकारी वकीलसुद्धा कोणीही चालत नाही. त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव लागतो आणि मत्स्यविषयक तांत्रिक प्रशिक्षण झालेलं असावं लागतं. या दुसऱ्या अटीचा मला खरोखर हेवा वाटतो. डोलीची (समुद्रात एका जागी बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची) खूट आणि पर्ससीनची बोया (तरंगता गोळा) यातला फरक कोर्टाला समजावण्यात माझ्या कित्येक तारखा गेल्या आहेत. एका सुनावणीत तर 'आस' (जाळ्याचं भोक) म्हणजे काय, हे दाखवायला मी जाळ्याचा तुकडा पिशवीतून घेऊन गेले होते.

त्यांची दुसरी चांगली गोष्ट म्हणजे घड्याळ. खटला कोर्टात आला की ३० दिवसांत निकाल. वरच्या न्यायालयात ३० दिवस, सर्वोच्च न्यायालयात ३० दिवस. आरोपी पळाला तर त्याच्या गैरहजेरीतही खटला चालतो. ही घाई कशासाठी? मासळीच्या गुन्ह्यातला साक्षीदार खलाशी असतो आणि खलाशी वाऱ्यासारखा. आपल्याच रत्नागिरीच्या जेटीवर बघा. नेपाळचे, झारखंडचे, कर्नाटकातले खलाशी मे संपताना गावी जातात, आणि ऑगस्टमध्ये त्याच नौकेवर परत येतील याची खात्री मालकालाही नसते. दोन वर्षांनी साक्षीचा समन्स कोणाच्या हातात द्यायचा?

आता बोटी बुडवण्याचं. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात. पण ते मुळात कोर्टाचं काम नाहीच. २००९ च्या दुरुस्तीने त्यांच्या कायद्यात एक कलम आलं: परदेशी झेंड्याच्या मासेमारी जहाजाविरुद्ध पुरेसा प्राथमिक पुरावा असेल, तर गस्ती अधिकारी ते जाळू किंवा बुडवू शकतात. मत्स्यमंत्री सुसी पुजियास्तुती यांच्या २०१४ ते २०१९ या कारकिर्दीत पाचशेहून जास्त नौका बुडवल्या गेल्या. त्यातल्या काही कोर्टाच्या निकालानंतर, काही त्याआधीच. आणि त्या बहुतेक होत्या व्हिएतनाम, फिलिपिन्स, मलेशिया, थायलंड इथल्या. परक्याची बोट बुडवताना गावात कोणाशी वैर येत नाही. तुमच्या समोरची एलईडी नौका कोणाची आहे? शेजारच्या बंदरातल्या माणसाची. त्याच्या बोटीवर तुमच्या वाडीतली दोन पोरं कामाला असतात, तो सोसायटीच्या सभेत पहिल्या रांगेत बसतो आणि पालखीला वर्गणी देतो. त्यामुळे तो व्हिडिओ बाजूला ठेवा. आपला प्रश्न वेगळा आहे.

मला जास्त शिकवलं ते इंडोनेशियातल्याच दोन खटल्यांनी.

पहिला 'हाय फा'चा. ४,३०६ टनांचं पनामाच्या झेंड्याचं मालवाहू जहाज, डिसेंबर २०१४ मध्ये पापुआकडच्या वानाम बंदरात पकडलं. पोटात सुमारे ९०० टन मासळी. खटला गेला अंबोनच्या मत्स्य न्यायालयात, म्हणजे खास याच कामासाठी नेमलेल्या कोर्टात. मार्च २०१५ मध्ये निकाल लागला. कप्तानाला २० कोटी रुपिया दंड. आकडा ऐकून घाबरू नका, त्या वेळच्या हिशेबाने ते आपले साधारण साडेनऊ लाख रुपये होतात. दंड भरून जहाज मोकळं झालं आणि निघून गेलं. मंत्रिणबाई जाहीरपणे संतापल्या. पण कोर्टाला दोष देण्याआधी आरोप काय होता ते पाहा. खटला उभा राहिला तो निर्यातबंदी असलेले शार्क वाहून नेल्याच्या मुद्द्यावर, आणि सरकारी वकिलांनीच मागितला होता तेवढा २० कोटी रुपियांचा दंड. कोर्टाने मागितलं ते दिलं. न्यायाधीश कितीही जाणकार असू द्या, समोर न ठेवलेल्या गुन्ह्याची शिक्षा तो देऊ शकत नाही.

दुसरा खटला 'सिल्व्हर सी २'चा. हे थायलंडचं शीतगृह जहाज ऑगस्ट २०१५ मध्ये सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ, साबांगच्या बाजूला पकडलं. समुद्रातल्या समुद्रात दुसऱ्या नौकांकडून मासळी चढवून घेतल्याचा आणि ठावठिकाणा दाखवणारं यंत्र बंद ठेवल्याचा ठपका होता. साबांगला मत्स्य न्यायालय नाही. खटला साध्या जिल्हा न्यायालयात चालला आणि २०१७ मध्ये निकाल लागला: कप्तानाला दंड, शिवाय जहाज आणि त्यातली १,९३० टन मासळी सरकारजमा. पकडल्यापासून निकालापर्यंत दोन वर्षं गेली, म्हणजे वेग काही नव्हता. पण उपग्रहाच्या नोंदी, जहाजावरची कागदपत्रं, मासळी कुठल्या नौकांवरून आली त्याची साखळी असा पुरावा रचून ठेवला होता आणि मागणी जप्तीची होती. खास कोर्टातून जहाज सुटलं, साध्या कोर्टातून गेलं.

म्हणून मी म्हणते, मासेमारीचा खटला पहिल्या सहा तासांत जिंकला किंवा हरला जातो, आणि तोही कोर्टात नव्हे, नौकेच्या फळीवर.

आपल्याकडे काय होतं ते सांगते. गस्ती नौका रात्री एखाद्या नौकेला गाठते. अधिकारी प्रतिवेदनात, म्हणजे पकडल्याच्या अहवालात, लिहितो, 'अमुक बंदरासमोर अंदाजे ८ सागरी मैलांवर'. अंदाजे! हा एक शब्द मला दिसला की मालकाची वकील म्हणून माझं अर्धं काम झालेलं असतं. अक्षांश-रेखांश गस्ती नौकेच्या यंत्रावरून घेतले की पकडलेल्या नौकेच्या, वेळ कोणती, पडद्याचा फोटो आहे का, हे काहीच नसतं. राज्याचा कायदा चालतो तो १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. आणि ते मैल किनाऱ्याच्या वाळूपासून मोजत नाहीत, आधाररेषेपासून, म्हणजे किनाऱ्यालगत ठरवून दिलेल्या रेषेपासून मोजतात. या रेषांचे बिंदू केंद्राने २००९ मध्ये अधिसूचित केले आहेत, पण प्रतिवेदनात ती रेषा काढलेला नकाशा जोडलेला मी फार क्वचित पाहिला. मग तांडेल (नौकेचा प्रमुख) सांगतो, "साहेब, आम्ही बाहेरच होतो, इंजिन बंद पडलं आणि करंटने आत आलो." खोटं असेलही. पण ते खोडायला समोर कागद नसतो.

मासळीचंही तेच. नौका पहाटे बंदरात येते, लिलाव होतो, आणि नोंद होते 'मिश्र मासळी'. अहो, एलईडीवर आलेला बांगडा-म्हाकूल आणि साध्या जाळ्याला आलेला माल यात जाणकाराला लगेच फरक दिसतो. वजन, जात, आकार लिहून, मोजपट्टी ठेवून फोटो काढले असते, तर ती मासळीच साक्षीला उभी राहिली असती. पण संध्याकाळपर्यंत ती कोणाच्या तरी कालवणात गेलेली असते. दिव्यांची कथा तर विचारूच नका. गस्ती नौका दिसली की दिवे, जनरेटर दुसऱ्या नौकेवर जातात किंवा पाण्यात. पकडलेल्या नौकेवर उरतात ती मोकळी वायर आणि धारकं. त्या वायरचाही पंचनामा होऊ शकतो, हे एका तरुण अधिकाऱ्याने एकदा करून दाखवलं होतं. ती केस मी मालकाच्या बाजूने लढले आणि हरले. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला.

जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू केली आहे. चांगलं आहे. पण ड्रोनचं चित्रण म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र लागतं, तेही दोन भागांत, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला का हे ओळखायचा आकडा). खात्यासमोरच्या सुनावणीत पुरावा कायदा इतका काटेकोर लागत नाही, हे मान्य. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवणार. मी तरी ठेवेन.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'शिक्षा' या शब्दाकडे येते. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. त्याखाली जे चालतं तो फौजदारी खटला नव्हे, तो अभिनिर्णय, म्हणजे अधिकाऱ्यासमोरचा निवाडा. तिथे आरोपी नसतो, सरकारी वकील नसतो, तुरुंग नसतो. अधिकारी नौका अवरुद्ध करतो, प्रतिवेदन दाखल होतं, अभिनिर्णय अधिकारी म्हणणं ऐकून शास्ती, म्हणजे दंड, लावतो. पूर्वी हे काम तहसीलदारांकडे होतं आणि दंडाची कमाल मर्यादा मासळीच्या किमतीच्या पाचपट. तहसीलदारांना निवडणुका, पूर, वाळू, दाखले यातून मासळीला वेळ कुठला? शिवाय किंमत कमी लिहिली की पाचपटही कमीच. २०२१ च्या दुरुस्तीने हे बदललं. सुनावणी मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे गेली आणि दंड आकड्यांत ठरले. परवान्याविना पर्ससीनला १ लाखापासून ६ लाखांपर्यंत चढत जाणारे, एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढण्याला) ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत.

म्हणजे एका अर्थाने आपल्याला 'खास' मंच मिळालेलाच आहे. ज्याला जाळ्यातलं कळतं, तोच निर्णय देतो. वेगही वाढला, हे मी अनुभवाने सांगते. पण एक खोच राहिली. पकडणारं खातं तेच, निवाडा करणारंही तेच. पर्ससीनवाल्यांचा वकील म्हणतो, ही काय सुनावणी, सासूच फिर्यादी आणि सासूच पंच. रापणकर म्हणतात, वरून फोन आला की दंड खाली येतो. दोघांचा संशय उलट दिशांचा, पण बोट एकाच जागी. इंडोनेशियाच्या पद्धतीतून काही उचलायचंच असेल तर मी हे उचलेन: निर्णय खात्याबाहेरच्या माणसाने द्यायचा, पण त्याच्या शेजारी मासेमारी कळणारा माणूस बसवायचा.

फौजदारी गुन्हे समुद्रावर घडतच नाहीत असं नाही. कासव, देवमासा, डॉल्फिन, समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. अनुसूची एकमधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आहे. आपल्याकडे व्हेलच्या उलटीच्या बातम्या सारख्या येतात, पोलिस सापळा लावतात, आरोपींचे चेहरे झाकलेले फोटो छापून येतात. पुढे? त्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कोर्ट दखल घेतं ते वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्यासारख्या ठरावीक व्यक्तीच्या तक्रारीवर. नुसत्या पोलिसी आरोपपत्रावर गाडी अडते. अशा केसमध्ये जामिनाच्या अर्जापेक्षा हा मुद्दा आरोपीला जास्त उपयोगी पडतो. खास कोर्टात बसणाऱ्या दंडाधिकाऱ्याला हे पहिल्याच दिवशी दिसेल आणि तो फिर्यादी पक्षाला दुरुस्त करायला लावेल. इथे मात्र वेगळ्या कोर्टाचा खरा फायदा आहे. तोच न्यायाधीश तीच चूक दहाव्यांदा पाहतो तेव्हा तो खात्याला सुनावतो. वर्षातून एकच अशी केस येणारा न्यायाधीश फक्त आरोपीला सोडतो. दक्षिण आफ्रिकेत हर्मानस गावी २००३ मध्ये असं एक कोर्ट सुरू झालं होतं, मुख्यतः अबालोन नावाच्या महागड्या समुद्री गोगलगायीच्या चोरीसाठी. तिथे निकाल सुधारले, न्यायाधीश-वकील तरबेज झाले. पण ते तीनच वर्षं टिकलं. कायद्याने उभं न केलेलं कोर्ट एका प्रशासकीय सहीने येतं आणि तसंच जातं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते, कारण वेगळं कोर्ट मागणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. पिंजऱ्यात उभा कोण राहणार? जगभर याचं उत्तर एकच आहे: तांडेल आणि खलाशी. आंतरराष्ट्रीय समुद्र कायद्याच्या करारात अनुच्छेद ७३ आहे. किनाऱ्यापासून २०० मैलांच्या आर्थिक क्षेत्रात परदेशी मच्छीमाराला नुसत्या मासेमारीसाठी तुरुंगात घालता येत नाही, देशादेशांत तसा करार असल्याशिवाय. आपला परदेशी नौकांचा १९८१ चा कायदाही तसाच आहे: प्रादेशिक समुद्रात ३ वर्षांपर्यंत कैद, त्यापलीकडे फक्त दंड. इंडोनेशियाच्या कायद्यातही हेच आहे. ही तरतूद काही दया म्हणून आलेली नाही. समुद्रात चुकून रेषा ओलांडणाऱ्या हातावरच्या पोटाच्या माणसाला वर्षानुवर्षं अडकवू नये, म्हणून ती आहे. कागदावर असूनही ती कशी मोडते हे पाहायचं तर पालघरला जा. डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं गुजरातच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात, पाकिस्तानची यंत्रणा पकडते आणि ती कराचीच्या मालीर तुरुंगात पडतात. शिक्षा काही महिन्यांची. ती संपल्यावर राष्ट्रीयत्व पडताळणीच्या नावाखाली आणखी वर्षं. दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. घरच्यांच्या हातात बहुतेक वेळा ती यादीच असते. ट्रॉलरचा मालक त्या यादीत कधी नसतो.

मालकापर्यंत पोहोचणं हेच खरं कौशल्य आहे. केप टाउनजवळच्या हाउट बे फिशिंग इंडस्ट्रीज या कंपनीचं प्रकरण मी नव्या वकिलांना नेहमी सांगते. १९८७ ते २००१ या काळात कोट्याबाहेर रॉक लॉब्स्टर पकडून ते अमेरिकेला पाठवले गेले. पाठपुरावा झाला तो नौकांचा कमी आणि कंटेनर, बिलं, बँकखाती यांचा जास्त. माल न्यूयॉर्कला उतरला म्हणून अमेरिकेत लेसी कायद्याखाली, म्हणजे बेकायदा पकडलेल्या प्राण्यांचा व्यापार रोखणाऱ्या कायद्याखाली, खटला चालला. सूत्रधारांनी २००४ मध्ये गुन्हा कबूल केला. पुढे अपील न्यायालयाने मान्य केलं की चोरलेले लॉब्स्टर ही दक्षिण आफ्रिकेची मालमत्ता होती, आणि २०१३ मध्ये त्या देशाला सुमारे २ कोटी ९५ लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश झाला. हे सगळं साध्या कोर्टाने केलं, मत्स्य न्यायालयाने नव्हे.

आपल्याकडे नौका एकाच्या नावावर, परवाना दुसऱ्याच्या, डिझेलचा कोटा तिसऱ्याच्या आणि मासळीचे पैसे चौथ्याच्या खात्यावर. दंड झाला की नौका भावाच्या नावावर चढते आणि दुसऱ्यांदा पकडली तरी कागदावर तो 'पहिलाच' गुन्हा असतो. २०२१ ची चढती दंडपट्टी इथेच निकामी होते. यावर उपाय कोर्ट नाही, नोंदवही आहे: दंड नौकेच्या नोंदणी क्रमांकाला चिकटला पाहिजे, मालक बदलला तरी.

१२ मैलांबाहेरचा भाग आजवर फार ढिसाळ होता. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडीवर बंदीचा आदेश काढला होता. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये आर्थिक क्षेत्रासाठी नियम आणले आहेत, त्यात एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला मनाई आहे. 'आम्ही बाहेर होतो' हा बचाव त्याने पूर्वीइतका सोपा राहणार नाही, एवढं म्हणता येईल.

तेव्हा मोर्चात 'मत्स्य न्यायालय झालंच पाहिजे' अशी पाटी घेऊन जायचं असेल तर जा, मी विरोध करणार नाही. पण पुढची एलईडी नौका दिसेल तेव्हाचं काम आधी ऐका. मोबाइलवर जीपीएसचं ठिकाण आणि वेळ दिसेल असा फोटो काढा, आणि तो व्हॉट्सॲपवरून फिरवू नका, मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. नौकेचा आयएनडी-एमएचने सुरू होणारा क्रमांक पूर्ण टिपा, केबिनचा रंग आणि नाव नंतर बदलतं. दुसऱ्या दिवशी खात्याच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तीन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न विचारा: प्रतिवेदन कोणत्या तारखेला दाखल झालं, शास्ती किती लागली, वसूल किती झाली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की ते घेऊन माझ्याकडे या, किंवा जवळच्या कोणत्याही वकिलाकडे जा.